हुब्रिस, दैव आणि पतन : ग्रीक शोकात्मिकेच्या एका रूढ वाचनाची चिकित्सा

ग्रीक शोकात्मिकेविषयी आपल्याकडे जे लेखन होते त्यात, आणि विशेषतः पदव्युत्तर वर्गांसाठी तयार होणाऱ्या टिपणांत, एक सूत्र इतक्या सहजपणे वावरत असते की त्याला पुरावा मागावा असे कोणाच्या मनातही येत नाही. नायक थोर असतो. त्याला गर्व होतो. हा गर्व म्हणजेच 'हुब्रिस'. देवांना तो खपत नाही. दैव फिरते आणि नायकाचे पतन होते. 'गर्वाचे घर खाली' ही म्हण लहानपणापासून कानांवर असल्यामुळे हे सूत्र आपल्याला परके वाटत नाही, आणि रावण, दुर्योधन, नहुष यांच्या कथा हाताशी असल्यामुळे ते पटवून देण्यास फारसे कष्टही पडत नाहीत. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, या सूत्राला ग्रीक शोकात्मिकेचा नियम म्हणण्यास संहितांचा आधार अत्यंत तोकडा आहे. या नाटकांच्या आत काही पात्रे इतर पात्रांवर हा आरोप ठेवतात; नाटककार तो आरोप तपासायला घेतो आणि पुष्कळदा तो डळमळीत झालेला दाखवतो. रूढ वाचन मात्र आरोपपत्रालाच निकालपत्र समजते.

प्रथम शब्दाचाच विचार करू. पाचव्या-चौथ्या शतकांतील अथेन्सच्या नागरिकाच्या दृष्टीने 'हुब्रिस' हा केवळ मनाचा विकार नव्हता; तो एक गुन्हा होता. त्याविरुद्ध लेखी फिर्याद दाखल करण्याची तरतूद कायद्यात होती आणि ती फिर्याद प्रत्यक्ष पीडितानेच करावी असेही नव्हते. इच्छा असलेला कोणताही नागरिक ती करू शकत असे. स्त्री, पुरुष, मूल, इतकेच काय गुलाम यांच्यावरील अत्याचारही या कायद्याच्या कक्षेत येत. अ‍ॅरिस्टॉटलने आपल्या वक्तृत्वशास्त्रावरील ग्रंथात हुब्रिसची जी व्याख्या केली आहे तिचा आशय असा : समोरच्याला लाज वाटेल, त्याची अप्रतिष्ठा होईल असे वागणे वा बोलणे, आणि तेही कोणत्याही लाभासाठी नव्हे किंवा सूडासाठी नव्हे, तर तसे करण्यातल्या सुखासाठी. म्हणजे हुब्रिसला दुसरा माणूस लागतो. एकांतात आरशासमोर उभे राहून स्वतःवर खूष होणाऱ्या माणसाला गर्विष्ठ म्हणता येईल; या व्याख्येप्रमाणे त्याच्या हातून हुब्रिस घडले असे म्हणता येणार नाही.

याचे एक उदाहरण रंगभूमीच्या इतिहासाशीच निगडित आहे. इ. स. पू. ३४८च्या डायोनायसिया उत्सवात डेमॉस्थेनीस हा वक्ता आपल्या जमातीच्या गायकवृंदाचा खर्च वाहणारा प्रायोजक होता. मायडियस नावाच्या श्रीमंत वैऱ्याने भर नाट्यगृहात, प्रेक्षकांदेखत, त्याच्या थोबाडीत मारली. या प्रसंगावर डेमॉस्थेनीसने रचलेले भाषण उपलब्ध आहे. ते प्रत्यक्ष न्यायालयात झाले की त्याआधीच तडजोड झाली याविषयी वाद असला, तरी हुब्रिसविषयक कायद्याचा आणि त्यामागच्या भावनेचा तो आपल्याजवळील सर्वांत बोलका पुरावा आहे. मार किती लागला हे तेथे गौण आहे. मारणाऱ्याची मुद्रा, त्याचा आविर्भाव आणि चारचौघांत झालेली मानहानी हा फिर्यादीचा गाभा आहे. ज्या प्रेक्षागृहात सोफोक्लीजची नाटके झाली त्याच प्रेक्षागृहातल्या लोकांना 'हुब्रिस' म्हटले की काय आठवत असेल, याची या थोबाडीतीवरून कल्पना येते.

अर्थात येथे अभ्यासकांत एकमत नाही, हेही नोंदवले पाहिजे. एन. आर. ई. फिशर यांनी १९९२च्या आपल्या बृहद्‌ग्रंथात हुब्रिसचा अर्थ हेतुपुरस्सर केलेली मानखंडना असा काटेकोर ठरवला. त्यावर डग्लस केर्न्स यांनी १९९६ मध्ये आक्षेप घेतला : स्वतःला वाजवीपेक्षा मोठे समजण्याची वृत्तीही ग्रीकांच्या लेखी इतरांच्या मानाला उणेपणा आणणारीच होती, त्यामुळे वृत्ती आणि कृती यांच्यात इतकी कडेकोट भिंत घालता येत नाही. केर्न्स यांचा आक्षेप मला सयुक्तिक वाटतो. परंतु तो मान्य केल्यानेही रूढ सूत्राला बळ मिळत नाही. कारण 'मोठे समजणे' हेदेखील येथे कोणाच्या तरी तुलनेत आणि कोणाच्या तरी मानाच्या मोबदल्यात असते. आणि ते कोणी, कोणाविषयी म्हटले आहे हा प्रश्न उरतोच.

सूत्राला दुसरा अडथळा आहे तो खुद्द अ‍ॅरिस्टॉटलचा. त्याच्या 'काव्यशास्त्रा'त शोकात्मिकेच्या नायकाचे पतन हुब्रिसमुळे होते असे कोठेही म्हटलेले नाही. तेराव्या प्रकरणात तो जो शब्द वापरतो तो 'हामार्तिया'. या शब्दाच्या मुळाशी नेम चुकणे, बाण लक्ष्यावर न लागणे ही कल्पना आहे. नेम चुकलेल्या धनुर्धराला आपण दुर्गुणी म्हणत नाही. शिवाय त्याच प्रकरणात अ‍ॅरिस्टॉटल करुणेची अट सांगतो : जो त्या दुर्दैवाला पात्र नव्हता त्याच्याविषयीच करुणा वाटते. आता नायकाचे पतन त्याच्या गर्वाचे उचित फळ असेल तर करुणा कशाची? विंदा करंदीकरांच्या १९५७च्या अनुवादामुळे हा ग्रंथ मराठी वाचकाला कधीचा उपलब्ध आहे. तरीही एकाच उत्तरपत्रिकेत 'हुब्रिसमुळे नायकाला योग्य शासन होते' आणि 'प्रेक्षकाच्या मनात करुणा जागी होते' ही दोन वाक्ये शेजारी शेजारी सुखाने नांदताना दिसतात.

मग हुब्रिसचा गर्व आणि हामार्तियाचा दोष कसा झाला? याचे उत्तर शब्दांच्या प्रवासात सापडते, आणि तो प्रवास नाट्यगृहातून न होता धर्मग्रंथांतून झाला आहे. इ. स. पू. तिसऱ्या शतकापासून अलेक्झांड्रियात हिब्रू धर्मग्रंथांचे ग्रीक भाषांतर होऊ लागले. त्यातील नीतिवचनांच्या ग्रंथात विनाशाच्या अगोदर अहंकार येतो अशा आशयाचे जे प्रसिद्ध वचन आहे, त्यातल्या अहंकाराला भाषांतरकारांनी 'हुब्रिस' हा प्रतिशब्द योजला. पुढे ख्रिस्ती 'नव्या करारा'च्या ग्रीकमध्ये 'हामार्तिया' हा 'पाप' या अर्थाचा रुळलेला शब्द झाला. पोप ग्रेगरीच्या पापगणनेत अहंकार हे सर्व पापांचे मूळ ठरले. चौदाव्या शतकात बोकॅचिओने थोरामोठ्यांच्या पतनाच्या कथा लॅटिनमध्ये एकत्र केल्या आणि चॉसरच्या मठवासी साधूने तसाच कथासंभार इंग्रजीत सांगितला. या परंपरेत 'ट्रॅजेडी' म्हणजे उंचावरून पडलेल्या माणसाची बोधकथा. शेवटी १९०४ मध्ये ए. सी. ब्रॅडले यांनी शेक्सपिअरच्या नायकांच्या स्वभावातील घातक वैशिष्ट्याची मांडणी केली. तिच्यातली सूक्ष्मता गळून पडून 'नायकाचा स्वभावदोष' एवढाच सांगाडा अभ्यासक्रमांतून फिरत राहिला. इंग्रजी वाङ्मयाच्या पदवीवर्गांतून ग्रीक नाटक आपल्यापर्यंत आले ते या वाटेने, शेक्सपिअरला मागे टाकून नव्हे तर शेक्सपिअरच्या मागे चालत. आपल्या म्हणीने त्याचे स्वागत केले एवढेच.

दैवाच्या बाबतीतही अशीच गल्लत आहे. ग्रीक 'मोइरा' या शब्दाचा मूळ अर्थ वाटा, हिस्सा. मराठी वाचकाला हे समजायला अवघड जाऊ नये, कारण आपल्या 'भाग्य' शब्दाच्या पोटातही 'भाग'च आहे. वाट्याला येणे आणि आधी लिहून ठेवलेले घडणे या दोन भिन्न कल्पना आहेत. सटवाईने कपाळी लिहिलेल्या अक्षरांची प्रतिमा मोइरावर लादली की तिच्यातला वाटणीचा, मर्यादेचा अर्थ हरवतो. मोइराखेरीज आणखी दोन कल्पना येथे काम करतात. एक 'आते', म्हणजे बुद्धीला पडणारी भुरळ आणि तिच्यातून ओढवणारा नाश. 'विनाशकाले विपरीतबुद्धिः' हे आपले वचन तिच्या बरेच जवळ जाते. दुसरी 'फ्थोनोस', म्हणजे देवांचा मत्सर. हेरोडोटसने सांगितलेल्या कथेतला सामोसचा सत्ताधीश पॉलिक्रेटीस अतिसौख्याच्या भयाने आपली लाडकी अंगठी समुद्रात फेकतो आणि माशाच्या पोटातून ती परत येते. ही कथा गर्वहरणाची नाही. पॉलिक्रेटीस येथे नम्रच होऊ पाहतो आहे; त्याचे सौख्यच देवांना सलते.

हा मत्सराचा सिद्धान्त सर्वांना मान्य होता असेही नाही. एस्किलसच्या 'अगामेम्नॉन'मधील (इ. स. पू. ४५८) वृद्धांचा वृंद एके ठिकाणी स्पष्टच म्हणतो की, समृद्धीच्या पोटी दुःख येते हे जुने मत आपल्याला पटत नाही, अधर्माचे कृत्यच पुढच्या अधर्माला जन्म देते. म्हणजे ग्रीकांचे या विषयावर एक ठरीव तत्त्वज्ञान होते आणि नाटके ही त्याची उदाहरणे होती, हे गृहीतच टिकत नाही. नाटक हे त्या वादाचे स्थळ होते. याच नाटकातील जांभळ्या वस्त्रांवरून चालण्याचा प्रसंग गर्वाचा नमुना म्हणून हमखास सांगितला जातो. परंतु तेथे अगामेम्नॉन का-कू करतो, देवांच्या मत्सराची भीती बोलून दाखवतो, पायतणे काढायला लावतो आणि पत्नीच्या आर्जवांपुढे हार खाऊन पाऊल टाकतो. त्याच्या मरणाची कारणे ऑलिसच्या किनाऱ्यावर बळी दिलेल्या मुलीत आणि बापाने भावाला खाऊ घातलेल्या त्याच्याच मुलांच्या मांसात आहेत.

रूढ सूत्र खरोखर जेथे चपखल बसते असे एक नाटक आहे : एस्किलसचे 'पर्शियन्स' (इ. स. पू. ४७२). सालामिसच्या पराभवानंतर डरायसचे पिशाच थडग्यातून उठते आणि मुलाच्या दुर्दशेचा अर्थ सांगते. हुब्रिस फुलावर येते, तिला नाशाचे कणीस धरते आणि अश्रूंची सुगी होते, ही प्रसिद्ध प्रतिमा त्याच्याच तोंडी आहे. झर्क्सीसने समुद्रावर पूल बांधला, त्याच्या सैन्याने ग्रीकांची देवळे जाळली, शिक्षा मिळाली. पण हे नाटक कोणी, कोणाविषयी, कोणासमोर केले? जेत्यांनी, जितांविषयी, आपल्याच जळलेल्या नगरात, युद्धानंतर अवघ्या आठ वर्षांनी. स्वतः मॅरेथॉनला लढलेल्या कवीने शत्रूच्या राजधानीतला शोक अथेन्सवासीयांना ऐकवला हे त्याचे मोठेपण आहेच. तरीही गर्व आणि पतन यांची सुबक साखळी जेथे जमून येते तेथे गर्व दुसऱ्याचा असतो, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

आता 'ईडिपस राजा'. पु. ल. देशपांडे यांच्या 'राजा ओयदिपौस'मुळे ही कथा मराठीत सुपरिचित आहे. ईडिपस संतापी आहे, टायरेसियसला नाही नाही ते बोलतो, क्रेऑनवर कटाचा आळ घेतो. त्याची हुब्रिस ती हीच, असे सांगितले जाते. यात कालक्रमाचा साधा प्रश्न कोणी विचारत नाही. ईडिपसने बापाला मारले आणि आईशी लग्न केले ते नाटक सुरू होण्याच्या कितीतरी वर्षे आधी. टायरेसियसवर तो रागावतो ते आज. आजच्या रागाची शिक्षा म्हणून काल घडलेले कृत्य कसे सांगता येईल? ई. आर. डॉड्स यांनी १९६६च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात परीक्षार्थींच्या उत्तरांच्या निमित्ताने या वाचनाचा समाचार घेतला, आणि ईडिपस दैवाच्या हातचे बाहुले आहे हे दुसऱ्या टोकाचे वाचनही त्यांनी तितक्याच ठामपणे नाकारले. भविष्यवाणीत पितृहत्या आणि मातृगमन आहे. सत्याचा शोध घेणे भविष्यवाणीत नाही. टायरेसियस बोलायला नाकारतो, जोकास्टा गयावया करते, मेंढपाळ पाया पडतो. प्रत्येक टप्प्यावर थांबण्याची सोय आहे आणि ईडिपस थांबत नाही. सोफोक्लीजने दैवाच्या ताब्यात कृत्ये दिली आहेत आणि माणसाच्या ताब्यात ज्ञान ठेवले आहे.

येथे एस्किलसशी तुलना उद्‌बोधक ठरते. 'थीब्जवर चालून आलेले सात' (इ. स. पू. ४६७) या नाटकात अपोलोने लेयसला निपुत्रिक राहण्याची ताकीद तीनदा दिली होती आणि त्याने ती मोडली असे सांगितले आहे, तेथे दुःखाला पूर्वापराधाची खुंटी मिळते. सोफोक्लीजने ही खुंटी काढून टाकली. त्याच्या नाटकात लेयसला मिळालेली भविष्यवाणी विनाअट आहे, त्याचा अपराध कोठेही सांगितलेला नाही. दोष शोधू पाहणाऱ्या प्रेक्षकाच्या हाताला काही लागू नये अशीच ही योजना आहे.

गर्ववादी वाचनाचा शेवटचा आधार म्हणजे दुसऱ्या वृंदगीतातली हुब्रिसविषयीची ओळ. हस्तलिखितांप्रमाणे तिचा अर्थ हुब्रिस हुकूमशहाला जन्म देते असा होतो. ब्लेड्स या एकोणिसाव्या शतकातील इंग्रज अभ्यासकाने विभक्ती बदलून हुकूमशाहीच हुब्रिसला जन्म देते असा पाठ सुचवला आणि अलीकडच्या काही संपादकांनी तो स्वीकारला. कोणता पाठ घ्यावा हा प्रश्न माझ्या मते अजून मिटलेला नाही. पण कोणताही घेतला तरी हे बोल घाबरलेल्या नगरवृद्धांचे आहेत. राजाविषयी शंका मनात आली आहे, ती थेट उच्चारण्याचे धैर्य नाही, म्हणून ते सर्वसाधारण नीतिवचनांचा आश्रय घेतात. वृंदाचे वाक्य नाटककाराचा निर्णय म्हणून वाचणे ही सवय आता तरी सुटायला हवी. पुढे 'कोलोनसमधील ईडिपस' या सोफोक्लीजच्या मृत्यूनंतर, इ. स. पू. ४०१ मध्ये, रंगभूमीवर आलेल्या नाटकात म्हातारा ईडिपस स्वतःच आपली बाजू मांडतो : मी अजाणता केले, माझ्या जिवावर उठलेल्याला मारले, कायद्याच्या दृष्टीने मी शुद्ध आहे. अथेन्सच्या न्यायालयात शोभेल असा हा युक्तिवाद आहे आणि थिसियसचे नगर त्याला आश्रय देते.

'अँटिगनी'मध्ये हुब्रिस हा शब्द कोणाच्या तोंडी येतो ते पाहण्यासारखे आहे. क्रेऑन अँटिगनीवर त्याचा आरोप करतो : तिने कायदा मोडला ही एक हुब्रिस आणि वर ती त्याचा अभिमान मिरवते ही दुसरी. सत्तेची आज्ञा न मानणाऱ्याला उद्धट ठरवण्याची ही भाषा आपल्याला अपरिचित नाही. 'प्रोमिथियस बद्ध' या नाटकातही (त्याचे कर्तृत्व एस्किलसचे की नाही याबद्दल वाद आहे) खडकाला जखडलेल्या प्रोमिथियसला झ्यूसचा सेवक खिजवून म्हणतो की आता येथे कर हुब्रिस. क्रेऑनचेही पतन होते खरे. पण तो टायरेसियसचे ऐकतो, वाकतो, निघतो आणि उशिरा पोचतो. आधी प्रेत पुरतो, मग गुहेकडे जातो. क्रम उलटा असता तर? नाटक हा प्रश्न विचारायला भाग पाडते आणि उत्तर देत नाही.

परंतु गर्वाचे सूत्र खऱ्या अर्थाने कसाला लागते ते सोफोक्लीजच्या 'अ‍ॅजॅक्स'मध्ये, कारण येथे गर्व नाकारण्याची सोयच नाही. निघताना बापाने देवांच्या साह्याने जिंक असे सांगितले तेव्हा, देव पाठीशी असतील तर कोणीही जिंकेल, मी त्यांच्यावाचून जिंकेन, असे अ‍ॅजॅक्स बोलून गेला होता. रणात अथीना मदतीला आली तेव्हा त्याने तिला दुसरीकडे जायला सांगितले होते. अकिलिसची शस्त्रे ओडिसियसला मिळाल्याच्या रागाने तो सेनापतींचा खून करायला निघतो, अथीना त्याला भ्रम घालते आणि तो गुरेढोरे कापत सुटतो. गर्व, देवकोप, भ्रम, नाश : पाठ्यपुस्तकासाठी सारे तयार आहे. अथीना ओडिसियसला तात्पर्यही सांगते, की देवांपुढे मोठा बोल बोलू नये. पण ज्याला ती शत्रूची फजिती दाखवून हसायला सांगते तो ओडिसियस हसत नाही. हा माझा वैरी असला तरी मला त्याची कीव येते, असे तो म्हणतो; त्याच्यात त्याला स्वतःचाच वाटा दिसतो. देवीने शिकवलेला धडा आणि माणसाने घेतलेला धडा येथे वेगळे होतात.

पुढे दूत येऊन सांगतो की अथीनेचा कोप फक्त आजच्या दिवसापुरता आहे. आज अ‍ॅजॅक्सला तंबूबाहेर जाऊ दिले नाही तर तो वाचेल. दैव म्हणावे तर ते एका दिवसाचे, आणि निरोप पोचण्याआधी तो बाहेर पडलेला! सुमारे १४२० ओळींच्या या नाटकात नायक ८६५व्या ओळीच्या आसपास तलवारीवर पडून मरतो. पतन हाच विषय असता तर नाटक येथे संपायला हरकत नव्हती. उरलेल्या साडेपाचशेहून अधिक ओळी त्याच्या प्रेताला माती द्यावी की नाही या वादाच्या आहेत. हा भाग शिथिल आहे अशी तक्रार टीकाकार वारंवार करत आले आहेत. मला वाटते, नाटकाचा कणा तोच आहे. मेनेलाउस येऊन अंत्यविधीला मनाई करतो आणि उघडपणे म्हणतो की या गोष्टी आळीपाळीने चालतात. पूर्वी तो हुब्रिसने पेटलेला होता, आता मोठेपणा मिरवण्याची पाळी माझी. वृंद त्याला लगेच टोकतो की, शहाणपणाच्या गोष्टी सांगता सांगता मेलेल्यावर हुब्रिस करणारा तू होऊ नकोस. गर्वाचे घर खाली गेले तेव्हा त्या रिकाम्या जागेवर दुसऱ्याने घर बांधायला घेतले होते. अखेरीस ओडिसियसच मध्ये पडून वैऱ्याला माती मिळवून देतो. अथेन्सच्या दहा जमातींपैकी एका जमातीला याच अ‍ॅजॅक्सचे नाव होते आणि तिचे लोक प्रेक्षागृहात बसलेले होते. त्यांचा कुलपुरुष गर्विष्ठ होता म्हणून त्याचे नाव खाली करावे, असे त्यांना वाटले असेल हे संभवत नाही.

युरिपिडीजच्या 'बॅकाय'विषयी थोडक्यात. पेन्थियस डायोनायससला मानत नाही आणि आईच्याच हातून फाडला जातो. हुब्रिसचा आरोप या नाटकात दोन्ही बाजूंनी होतो. शेवटी म्हातारा कॅडमस देवासमोर अपराध कबूल करतो आणि तरीही म्हणतो की शिक्षा अति झाली, देवांनी रागाच्या बाबतीत माणसांसारखे असू नये. डायोनायसस यावर झ्यूसने हे केव्हाच ठरवले होते एवढेच सांगतो. कॅडमसने तर देवाला पहिल्यापासून मान दिला होता. सर्पयोनी आणि वनवास त्यालाही चुकत नाही.

इ. स. पू. ४१६च्या हिवाळ्यात अथेन्सने मेलोस बेट जिंकून तेथील पुरुषांची कत्तल केली आणि बायकामुलांना गुलाम केले. ४१५च्या वसंतात युरिपिडीजचे 'ट्रोजन स्त्रिया' रंगभूमीवर आले. मेलोसच्या बातमीचा नाटकाच्या रचनेशी प्रत्यक्ष संबंध जोडता येतो का, याविषयी कालगणनेच्या आधारे शंका घेतल्या गेल्या आहेत आणि त्या रास्त आहेत. प्रेक्षकांना काय आठवले असेल हा प्रश्न मात्र त्या शंकांनी सुटत नाही. या नाटकात हुब्रिस आहे, देवकोप आहे, जेत्यांचे पतनही आहे. सुरुवातीलाच अथीना आणि पोसायडन परतीच्या वाटेवर ग्रीकांची जहाजे बुडवण्याचे ठरवतात. आणि मग युरिपिडीज ते सारे नाटकाबाहेर ठेवतो. वादळ होणार ते पडदा पडल्यावर. गर्विष्ठांची शिक्षा आपल्याला दिसत नाही. जवळजवळ सारा वेळ रंगस्थळावर हेक्यूबा असते. तटावरून फेकून मारलेले नातवाचे प्रेत तिच्यापुढे आणले जाते. त्याच्यासाठी वेगळी शवपेटी नाही, म्हणून हेक्टरची ढाल आणलेली आहे. ढालीच्या मुठीवर मुलाच्या बापाच्या हाताचा ठसा आहे आणि कडेवर त्याच्या घामाचा डाग आहे. हेक्यूबा तो ओळखते, आणि मूल त्यात ठेवते.